दादा, तो स्टार्टर आणि आमची लॅब

ओटावा

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू तापला होतास, म्हणून सविस्तर लिहितेय. त्या कंपनीनं फोनवरून विहिरीची मोटर चालू-बंद करणाऱ्या तुझ्या मोबाइल स्टार्टरची नक्कल केलीय, यात वादच नाही. सर्किट बोर्डावर तू चुकून उलटा छापलेला नंबरसुद्धा त्यांनी तसाच उचललाय! पण ‘तू तेच काम करतेस ना, मग दाखव त्यांना इंगा’ हे जमणारं नाही.

आमच्या लॅबचं काम म्हणजे एखाद्या वस्तूत कुणाचं पेटंट वापरलंय का ते शोधणं. त्यासाठी वस्तू बाजारातून रीतसर विकत आणतात. धूर सुटणाऱ्या नायट्रिक अ‍ॅसिडनं चिपवरचं काळं प्लास्टिक विरघळवायचं, आतला सिलिकॉनचा तुकडा थराथरानं घासायचा, प्रत्येक थराचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचे आणि ते जोडून सर्किट उभं करायचं. खरी मारामारी त्यानंतर. पेटंटमधल्या क्लेमचा, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय त्या वाक्याचा, एकेक तुकडा डावीकडे, तो त्या वस्तूत असल्याचा पुरावा उजवीकडे. एका तुकड्याला पुरावा नाही, तर वकील सहसा फाइल मिटवतात. समोरच्यानं बघून केलं की स्वतःच्या डोक्यानं, याला तिथं महत्त्व नाही. म्हणजे तुझ्या उलट्या नंबरलाही नाही.

मुळात तुझं पेटंटच नाही, आणि कुपवाडच्या शेडमधून माल जातोय कित्येक वर्षं. इतकी वर्षं उघड विकलेल्या त्या जुन्या मॉडेलवर आता अर्ज करून उपयोग नाही.

पण विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटर थांबवून, पुन्हा कधी सुरू करायची ते स्वतः ठरवणारं तुझं नवं सर्किट अजून कुणाला दिलं नाहीस ना? आधी पेटंट ऑफिसच्या साइटवर शोध घे, फुकट आहे. तसलं काही सापडलं नाही तर मुंबईच्या ऑफिसात प्रोव्हिजनल अर्ज टाक. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तेही फक्त भारतात.

आणि क्लेम लिहिताना पेटंट एजंटाच्या मानगुटीवर बस. ‘प्रोग्राम असं ठरवतो’ असं लिहिलंत तर मेलात. नुसत्या प्रोग्रामला आपल्याकडे पेटंट नाही, शिवाय लॉक केलेल्या चिपमधला कोड वाचणं महाकठीण. त्यापेक्षा करंट किती घसरला की मोटरचा रिले (आपोआप चालणारा स्विच) सुटतो, मग किती वेळानं पुन्हा लागतो, असं बाहेरून दिसणारं लिहा. उद्या कुणी ढापलं तर करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणि घड्याळ घेऊन तूच पकडशील, अ‍ॅसिड लागणार नाही.

अर्ज होईपर्यंत ते कृषी प्रदर्शनात मांडू नकोस, आणि तात्यांच्या विहिरीवर तर मुळीच बसवू नकोस. ते अख्ख्या गावाला दाखवतील. आईला नमस्कार, वहिनीला आठवण सांग.

तुझी,
छोटी