मधली सात वर्षे कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आफ्रिकेतल्या मलावी देशाची फुटबॉलपटू टेम्वा चाविंगा हिच्यावरचा आपल्या क्रीडा पानावरचा मजकूर वाचला. महिला फुटबॉलला तीन कॉलम मिळाले, आनंद वाटला. पण मथळा ‘गरिबीवर मात’ आणि पुढे दोन परिच्छेदांत पोरगी गावातून उठली ती थेट अमेरिकेत गोल करू लागली! मधली सात वर्षे कुठे गेली? आम्ही कोल्हापूरकर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर लहानाचे मोठे झालेलो. खेळाडू कुठल्या तालमीतून आला, तिथे कुणी घडवला, हे कळल्याशिवाय आमचं समाधान होत नाही.

टेम्वाची गोष्ट तिच्या थोरल्या बहिणीपासून सुरू होते. टाबिथा चाविंगा. दोघी उत्तर मलावीतल्या रुम्फी जिल्ह्यातल्या. टाबिथा मुलांबरोबर खेळायची आणि इतकी चांगली खेळायची, की ही मुलगी नव्हेच असं म्हणत प्रतिस्पर्ध्यांनी लहानपणी तिला भर मैदानात कपडे उतरवायला लावले. हे तिने स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. नंतर ती राजधानी लिलाँग्वेमधल्या डीडी सनशाइन संघात गेली आणि 2014 मध्ये, ऐन अठराव्या वर्षी, स्वीडनला. युरोपातल्या क्लबकडून खेळणारी मलावीची ती पहिली महिला.

क्लब कुठला, तर क्रोकोम नावाच्या छोट्या गावचा, तिसऱ्या श्रेणीतला. तिथे तिने 14 सामन्यांत 39 गोल केले. पुढच्या वर्षी तिला क्वार्नस्वेडेनने घेतलं. हा बोर्लेंगे शहरातल्या कागद गिरणीच्या वस्तीतला क्लब; ती गिरणीही 2021 मध्ये बंद पडली. टाबिथा आली तेव्हा हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता, तिच्या गोलांवर वर चढला आणि 2017 मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च लीगमध्ये 26 गोल करून ती अव्वल ठरली. त्याच वर्षी धाकटी टेम्वाही तिथेच दाखल झाली. परक्या देशात, बर्फात, भाषा येत नसताना थोरली बहीण आधीच तिथे असणं केवढं मोठं असेल!

पुढे दोघी चीनमध्ये गेल्या. आपल्याकडे चीनची महिला लीग कुणी खिजगणतीत धरत नाही, पण टेम्वा पिकली ती तिथे. वुहानच्या संघात चार हंगाम, आणि 2023 मध्ये सगळ्या स्पर्धा मिळून 63 गोल. मग स्वीडनला आल्यापासून सात वर्षांनी, 2024 मध्ये, अमेरिकेतला कॅन्सस सिटी करंट हा क्लब. त्यांचं नवं स्टेडियम व्यावसायिक महिला संघासाठी मुद्दाम बांधलेलं जगातलं पहिलं. पहिल्याच हंगामात तिचे 20 गोल झाले, अमेरिकन लीगचा तेव्हाचा विक्रम मोडला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळाला. 2025 मध्ये तो मान पुन्हा तिलाच. थोरली तोवर इंटर मिलानकडून इटलीत (23 गोल) आणि पॅरिस सेंट जर्मेनकडून फ्रान्समध्ये सर्वाधिक गोल करून फ्रान्सच्याच लिऑन क्लबात पोहोचली होती.

सांगायचं ते हे, की या मुलींना कुठल्या बड्या क्लबने शोधून काढलेलं नाही. क्रोकोमसारख्या आडगावच्या क्लबने नाव-गाव माहीत नसलेल्या पोरीला जागा दिली, म्हणून पुढचं घडलं. बातमी मात्र होते ती मोठ्या आकड्याची. शेजारच्या झांबियाच्या रेचल कुंदानानजीला 2024 मध्ये बे एफसी या अमेरिकन क्लबने महिला फुटबॉलमधली तेव्हाची विक्रमी रक्कम मोजून माद्रिदहून नेलं. तेवढं सगळीकडे छापून आलं. मलावीच्या महिलांनी 2023 मध्ये त्याच झांबियाला अंतिम सामन्यात हरवून आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांची कोसाफा स्पर्धा जिंकली, ते कुठे वाचल्याचं आठवत नाही. त्यानंतर 2025 मध्ये हा संघ पहिल्यांदाच आफ्रिका चषकासाठी पात्र ठरला.

आणि हे सगळं आपल्यापासून फार लांबचं आहे असंही नाही. 30 ऑक्टोबर 2022 रोजी नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, नायजेरियाच्या सतरा वर्षांखालील मुलींनी जर्मनीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून विश्वचषकाचं कांस्य नेलं. आम्ही दोघे, मी आणि माझी नात, तो सामना टीव्हीवर पाहत होतो. ती तेव्हा चौथीत होती. ‘आजोबा, या आता कुठे खेळणार?’ असं तिने विचारलं आणि मला काही सांगता आलं नाही. आता ती शाळेच्या संघात राइट बॅक खेळते आणि कॅन्ससचा निकाल सकाळी दात घासताना मोबाइलवर बघून मलाच सांगते.

आपल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात युरोपातल्या पुरुषांच्या पाच लीगचे निकाल रोज येतात. सोमवारच्या अंकात त्याखाली महिलांच्या लीगच्या दोन-चार ओळी बसतील का, तेवढं पाहावं.

आपला,
एक जुना वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर