सोडलेल्या शेकाट्याची नोंद

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे. आईचे गुडघे थंडीत दुखतात, तेवढेच. पोळ्यानंतर तुला पत्र लिहिले नाही म्हणून रागावला असशील, पण हे तुझ्याशिवाय कोणाला लिहावे ते सुचेना.

आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर परवा पक्षी-अभ्यासक आले होते. पहाटे पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, लावलेल्या बारीक जाळीत एक शेकाट्या, तो लांब पायांचा पाणपक्षी, अडकला आणि सोडवेपर्यंत फार धडपडला. त्याच्या पायात ओळखीचे कडे चढले, वजन झाले, वहीत ‘सुखरूप सोडला’ अशी नोंदही झाली. मंडळी निघून गेल्यावर दुपारी सुखदेवला तोच पक्षी गाळात बसलेला सापडला. कडे स्पष्ट दिसत होते; उठण्यासाठी पंख आपटत होता, पण त्या लांब गुलाबी पायांत त्राण नव्हते. दिवस मावळायच्या आत तो मेला.

जिवाच्या आकांताने धडपडताना पक्ष्याचे स्नायूच निकामी होऊ शकतात, लांब पायांच्या पक्ष्यांना हा धोका अधिक असतो आणि मरण कधी काही तासांनी, तर कधी काही दिवसांनी येते. अमेरिका आणि कॅनडातील जाळ्यांत पक्षी पकडल्याच्या सहा लाखांहून अधिक नोंदी तपासून 2012 मध्ये मृत्यूचे प्रमाण 0.23 टक्के असल्याचे प्रसिद्ध झाले. आकडा दिलासा देणारा आहे खरा, पण आपल्या शेकाट्यासारखे मरण अशा आकड्यात यावे कसे? राजा पेंग्विनांच्या पंखांवरील ओळखीच्या धातूच्या पट्ट्याही अनेकांना निरुपद्रवीच वाटत होत्या. दहा वर्षे पाठपुरावा केल्यावर 2011 मध्ये उघड झाले की पट्टीवाल्यांची पिल्ले 39 टक्क्यांनी आणि जगण्याचे प्रमाण 16 टक्क्यांनी कमी होते.

‘खूण केली नसती तर मंगोलियाचा पट्टकादंब हंस भारतात येतो हे कळले असते का?’ असे तू नवेगावबांध तलावाच्या पाळीवर माझ्यावर ओरडला होतास. तो मुद्दा मला तेव्हाही मान्य होता, आजही आहे. आपण भांडलो ते तुझ्या ‘एखाद-दुसरा मरायचाच’ या वाक्यावरून, आणि ते मी अजून मान्य करीत नाही.

शेवंताच्या बदलीचे काय झाले? धानाचे चुकारे मिळाले का?

पक्षी पकडायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. लांब पायांचा पक्षी अडकताक्षणी सोडवावा, ऊन चढण्याआधी जाळी उतरवावी आणि दुसऱ्या दिवशीही तलाव पाहून मेलेल्यांची नोंद त्याच वहीत करावी, अशा अटी त्या परवानगीत घालाव्यात म्हणून मी अर्ज करतो आहे. सरकारी भाषा तुला चांगली साधते. मसुदा सोबत जोडला आहे, तेवढा दुरुस्त करून लवकर पाठव.

तुझा,
मधुकर