आई, मी तो सिनेमा पाहिला

जर्सी सिटी,
20 ऑक्टोबर 2019

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

ऑफिसातला एक जण दिवाळीला पुण्याला निघालाय. त्याच्याबरोबर हे पत्र, बदाम आणि बाबांच्या गुडघ्याचा पट्टा पाठवतोय. मनू त्याच्याकडून घेईल. मी मजेत आहे. जेवण, ऑफिस, धुणं, सगळं तुम्हाला पाठच आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

आई, आधी तुझ्या रागाचं. मामाने टीव्हीवर बातमी पाहिली आणि 'त्या जोकरच्या सिनेमाला जाऊ नकोस' असं तू मला तीनदा बजावलंस. तरी मी गेलो. तुझी भीती उगाच नव्हती, हे मलाही माहीत आहे. 2012 साली कोलोरॅडोत अरोरा इथे बॅटमॅनच्या सिनेमाच्या खेळात एकाने गोळीबार केला होता, 12 माणसं गेली. म्हणून या वेळी न्यूयॉर्कमध्ये थिएटरांबाहेर पोलीस ठेवले होते, आणि बऱ्याच ठिकाणी मुखवटा घालून किंवा तोंड रंगवून आलेल्यांना आत घेत नव्हते. मी रविवारी दुपारी गेलो. दाराशी पोलीस होता, पिशव्या तपासत होते. मी कडेची खुर्ची घेतली होती, बाहेर जायचा दरवाजा अगदी शेजारी. आता काळजी सोड.

बाबा, तुम्ही एकदा डॉ. लागूंचं नाटक पाहून आलात आणि रात्री न जेवताच झोपलात, हे आई नेहमी सांगते. मला ते कधी कळलं नव्हतं. त्या रविवारी कळलं.

वाकिन फीनिक्स नावाचा नट आहे. हा जोकर म्हणजे बॅटमॅनच्या चित्रकथांमधला खलनायक. मी आणि मनूने 2008 चा सिनेमा पाहिला होता ना, त्यात हीथ लेजरने केला होता तोच. तेव्हाचा जोकर कुठून आला ते कोणालाच कळत नाही. इथे तो जोकर होण्याआधीचा माणूस आहे: आर्थर फ्लेक. साल 1981, शहर कचऱ्याने भरलेलं. हा पैशासाठी विदूषकाचे कपडे घालून दुकानाची पाटी नाचवतो आणि घरी आजारी आईला न्हाऊ-माखू घालतो. पुढे काय होतं ते तुला सांगत नाही.

या भूमिकेसाठी फीनिक्सने 52 पौंड, म्हणजे जवळजवळ 24 किलो वजन उतरवलं. एका प्रसंगात तो उघड्या अंगाने वाकून बूट ताणत बसलेला पाठमोरा दिसतो. खांद्याची हाडं कातडीखाली अशी सरकतात की मी मान खाली घातली. पण वजन उतरवणं कोणालाही जमेल. त्याचं हसणं कोणाला जमणार नाही. आर्थरला आजार आहे, नको त्या वेळी हसू फुटतं आणि थांबत नाही. लोकांना दाखवायला खिशात तसं लिहिलेलं कार्ड असतं. असा त्रास असलेल्या माणसांचे व्हिडिओ पाहून फीनिक्सने ते हसू बसवलं. घशात हुंदका अडकल्यासारखं ते सुरू होतं, तो मनगटाने तोंड दाबतो, श्वास कोंडतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि तरी बाहेरून ते हसूच दिसतं. पहिले खून झाल्यावर तो पळत एका संडासात शिरतो आणि हळूहळू नाचायला लागतो. पटकथेत हे नव्हतं. हिल्दुर गुद्नाडोत्तिर या आइसलँडच्या बाईंनी बांधलेलं चेलोचं (मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य) संगीत दिग्दर्शक टॉड फिलिप्सने त्याला ऐकवलं आणि तो नाचू लागला. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या सिनेमाला सुवर्णसिंह, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळालाय. फीनिक्सला ऑस्कर मिळायलाच हवं, नाही मिळालं तर मला फार वाईट वाटेल.

आता इथली एक पद्धत सांगतो, नाहीतर एक प्रसंग तुम्हाला कळायचा नाही. इथे दुकानदार, शेजारी, लिफ्टमधला अनोळखी माणूस, सगळे 'कसे आहात?' विचारतात. उत्तर एकच, 'छान, तुम्ही?' आणि तेही चालता चालता द्यायचं. पहिल्या वर्षी मी थांबून खरं सांगायचो, की सर्दी झालीय, काल झोप लागली नाही. समोरचा हसायचा आणि घड्याळ बघायचा. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. आपल्याकडे 'जेवलास का?' म्हणतात आणि नाही म्हटलं तर ताट येतं. इथे प्रश्नापाठोपाठ ताट येत नाही, एवढंच. तर आर्थरला सरकारी समुपदेशक बाई दर आठवड्याला तेच ते विचारते, आणि तो शेवटी म्हणतो की तुम्ही ऐकतच नाही. नंतर सरकार पैसे बंद करतं, बाईंची कचेरी बंद आणि याची औषधंही बंद.

तिथे मला तू आठवलीस, आई. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, तुम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतात, आणि मी फोन केला तर तू हसत होतीस. 'कपाट एकदाचं धुऊन निघालं' म्हणालीस. मी पण हसलो. मला वाटलं, आई ठीक आहे. 'कशी आहेस?' मी विचारलं होतं, तू 'छान' म्हणालीस, आणि मी मीटिंगला गेलो. त्या रात्री मी तिकीट बघितलं होतं. काढलं नाही. पुन्हा असं हसू नकोस. रडायचं असेल तर फोनवर रड, मी ऐकेन.

सिनेमाचा काही भाग आमच्या जर्सी सिटीत आणि न्यूअर्कमध्येच चित्रित झालाय. ज्या पायऱ्यांवर तो नाचतो त्या ब्रॉन्क्समध्ये आहेत. मी अजून गेलो नाही. मनूच्या पोरांना मात्र हा सिनेमा दाखवू नका. इथेही 17 वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय आत सोडत नाहीत.

आता कामाचं. बाबा, काल 1,200 डॉलर पाठवले, साधारण 85 हजार होतील. आधी वायरिंग बदलून घ्या. भिंती पुऱ्या वाळल्याशिवाय रंग देऊ नका, पोपडे निघतील. राहिलेल्यातून आईला कपाट घ्या, लोखंडी. पैसे परत करायचं बोलू नका.

दिवाळीला येणं जमत नाही. व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज गेलाय, निकाल येईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका असं वकील म्हणतात. नोकरीला काही धोका नाही. इंडिया स्क्वेअरमध्ये, म्हणजे इथल्या भारतीय बाजारात, भाजणी मिळाली आहे, चकल्या करेन.

कराडच्या मुलीचा फोटो पाहिला. मी नाही म्हणत नाही. पण व्हिसाचं सगळं त्यांना आधी खरं खरं सांगा, आणि मी तिकडे परतही येऊ शकतो हेही सांगा. मग तिचा नंबर पाठवा. मीच बोलेन, आणि नीट वेळ काढून बोलेन.

आई, बिब्बा घालतेस ते तेल मामाला देऊ नकोस, मला लागेल.

तुमचा,
समीर