मंचभीतीवरील संमोहन-उपचारात झालेल्या फसवणुकीबाबत तक्रार आणि रक्कम परतीची मागणी

दिनांक : १ डिसेंबर २०२५
सोलापूर

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वैयक्तिक संमोहन-उपचार म्हणून दुसऱ्या ग्राहकासाठी तयार केलेले ध्वनिमुद्रण पाठवणे, अपात्र व्यक्तीने औषधाबाबत सल्ला देणे आणि रक्कम परत करण्यास नकार देणे याबाबत.

महोदय,

मी जुळे सोलापूर भागात राहते, एका माध्यमिक शाळेत शिकवते आणि बरीच वर्षे शास्त्रीय गायन शिकते आहे. मंचावर गाताना वाटणाऱ्या भीतीवर उपाय म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये मी आपल्या संकेतस्थळावरून वैयक्तिक संमोहन-उपचाराची योजना घेतली आणि तिचे १४,९९९ रुपये एकरकमी भरले. या सेवेबद्दल ऑक्टोबरअखेरीस मी ई-मेलने तक्रार केली. तिला आपल्याकडून आलेले उत्तर मला मान्य नाही, आणि त्यातील एका वाक्यामुळे हे सविस्तर पत्र लिहिणे मला भाग पडले आहे. ते वाक्य असे : "आमचा उपचार परिपूर्ण आहे, आपल्या मनाने तो स्वीकारला नाही, त्यामुळे रक्कम परत करता येणार नाही."

प्रथम हे स्पष्ट करते की संमोहनाला मी थोतांड मानत नाही. जेम्स एस्डेल हे शल्यचिकित्सक १८४५ पासून बंगालमध्ये हुगळी येथे रुग्णांना संमोहनासारख्या अवस्थेत नेऊन मोठ्या शस्त्रक्रिया करत होते, ब्रिटिश वैद्यकीय संघटनेने १९५५ मध्ये या पद्धतीचा वैद्यकातील उपयोग मान्य केला, आणि आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ रोजी काढलेल्या पत्रातही संमोहन-उपचार ही एक उपचारपद्धती असून नोंदणीकृत व्यावसायिकांनी अथवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनी ती वापरावी, अशी भूमिका नमूद आहे. ही मुभा उपचार करणाऱ्याच्या प्रशिक्षणाशी बांधलेली असल्यामुळे माझ्यावर उपचार करणारी व्यक्ती कोण, तिचे शिक्षण काय आणि तिची नोंदणी कोठे आहे, हे विचारण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. मी हे लेखी विचारले होते. त्याचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

माझी अडचण काय होती, हे आपल्या प्रश्नावलीत मी जे लिहिले होते तेच येथे पुन्हा लिहिते, कारण ती प्रश्नावली कोणी वाचल्याचे पुढच्या कोणत्याही गोष्टीतून दिसले नाही. घरी रियाज करताना किंवा गुरुजींसमोर गाताना मला काही होत नाही. गांधर्व महाविद्यालयाची विशारदही मी रीतसर पूर्ण केली आहे. समोर भरलेले सभागृह असले की मात्र श्वास छातीतच वर अडकतो, तोंडाला कोरड पडते आणि तळहात गार पडतात. भीतीच्या वेळी शरीरात ॲड्रेनलीन वाढते, त्यामुळे हृदयाचे ठोके आणि स्नायूंचा ताण वाढतो, हे मला माहीत आहे. परंतु भाषण करणारा माणूस हातातला कागद घट्ट धरून वेळ निभावून नेऊ शकतो, तर गाणाऱ्याचे वाद्य त्याच्या गळ्यातच असते आणि नेमके तेथलेच स्नायू आवळले जातात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानविषयक वर्गीकरणात सामाजिक चिंताविकाराचा केवळ सादरीकरणापुरता मर्यादित असा प्रकार स्वतंत्रपणे नोंदवला आहे. म्हणजे या त्रासाला नाव आहे, त्याचा अभ्यास झालेला आहे, आणि तो घेऊन येणाऱ्या माणसाशी जबाबदारीनेच वागले पाहिजे.

आपल्या जाहिरातीत तीन ठळक आश्वासने होती. तज्ज्ञ प्रत्यक्ष दूरदृश्य पद्धतीने बोलून उपचार करतील. प्रत्येकाच्या गरजेनुसार सूचना स्वतंत्रपणे लिहिल्या जातील. आणि भीती कायमची शून्य होईल, त्याची शंभर टक्के हमी. त्याखाली सवलतीचा वेळ संपत आल्याचे दाखवणारे उलटे घड्याळ होते. दुसऱ्या दिवशी संकेतस्थळ पुन्हा उघडले, तेव्हा तेच घड्याळ तेवढाच वेळ घेऊन पुन्हा सुरू झालेले होते. अशी खोटी घाई निर्माण करण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. त्या दोन्ही दिवसांची छायाचित्रे माझ्याकडे आहेत.

पैसे भरल्यानंतर तज्ज्ञांशी एकदाही बोलणे झाले नाही. काही दिवसांनी मला एक ध्वनिमुद्रण पाठवण्यात आले आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी ते ऐकावे, असे कळवण्यात आले. डोळे मिटून, दिवा मालवून, हेडफोन लावून मी ते ऐकू लागले. शरीर सैल सोडण्याच्या सूचना झाल्या, जिना उतरण्याची कल्पना झाली, आणि मन खरोखरच शांत होत असताना त्या आवाजाने मला नावाने हाक मारली. ते नाव माझे नव्हते. ते दुसऱ्या कोणा स्त्रीचे होते आणि त्यापाठोपाठ तिच्या कार्यालयाचा, तिच्या वरिष्ठांचा व मागे एका बैठकीत तिच्या बाबतीत घडलेल्या प्रसंगाचा उल्लेख आला. पुढे मला उभे राहून, हातात माईक घेऊन, पडद्यावरील आकडे समजावून सांगण्याची कल्पना करण्यास सांगण्यात आले. मांडी घालून, तानपुऱ्याला टेकून गाणाऱ्या बाईच्या भीतीशी त्या सूचनांचा काय संबंध? संपूर्ण मुद्रणात गाण्याचा, सुराचा, श्वासाचा एकही उल्लेख नाही.

त्या स्त्रीचे नाव मी या पत्रात लिहीत नाही आणि ते मुद्रण मी कोणालाही ऐकवलेले नाही. तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट माझ्या कानावर पडायला नको होती. तेव्हापासून मला सतत वाटत राहते की मी प्रश्नावलीत जे लिहिले, घरातल्या माणसांनाही न सांगितलेल्या दोन गोष्टींसह, ते आज कोणत्या गावात कोण ऐकत असेल. पैशांची भरपाई होऊ शकेल, याची कशी होणार, हे आपणच सांगावे.

ही चूक मी आपल्या मदत क्रमांकावर कळवली असता, बोलणाऱ्या व्यक्तीने सांगितले, "ताई, नावाकडे लक्ष देऊ नका, अंतर्मनाला नाव कळत नसतं." त्याच संभाषणात तिने मला दोन सल्ले दिले आणि माझ्या दृष्टीने या तक्रारीतील सर्वांत गंभीर भाग हाच आहे. पहिला सल्ला असा की, कार्यक्रमापूर्वी घेण्यासाठी माझ्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेऊ नये, कारण ती संमोहनाला अडथळा करते. आपण स्वतः डॉक्टर आहात का, असे विचारल्यावर त्या व्यक्तीने विषय बदलला. ही गोळी हृदयाच्या ठोक्यांवर काम करते, दमा असणाऱ्यांना ती चालत नाही, आणि नियमित घेणाऱ्याने ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते. म्हणूनच ती कोणी, कधी व किती घ्यावी, हे डॉक्टरच ठरवतात. मी डॉक्टरांना विचारून गोळी चालूच ठेवली. परंतु आपल्या मदत क्रमांकावर दुसरा कोणी भाबडा रुग्ण असता तर काय झाले असते, याचा विचार आपण जरूर करावा.

दुसरा सल्ला असा की, उपचार चालू असेपर्यंत मी कोणासमोरही गाऊ नये, नाहीतर जुनी भीती पुन्हा जागी होईल. माझे गुरुजी मला नेमके उलटे करायला लावत होते : आधी वर्गातल्या दोघा-चौघांसमोर, मग कोणाच्या घरच्या बैठकीत, मग देवळातल्या छोट्या कार्यक्रमात. या भीतीवर संज्ञानात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार व वागण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार, आणि त्यातला टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरे जाण्याचा सराव यांनाच संशोधनाचा सर्वांत भक्कम आधार आहे. संमोहनाचा उपयोग जाणकार त्याला जोड म्हणून करतात. भीतीची जागा टाळत राहिले की भीती वाढते. ज्या कंपनीने भीतीवरील उपचाराचे दुकान मांडले आहे, तिच्या मदत क्रमांकावरून ग्राहकाला भीती टाळत राहण्याचा सल्ला मिळावा, याचे मला आजही वाईट वाटते. तो तज्ज्ञांचाच सल्ला असल्याचे मला सांगण्यात आले होते, म्हणून मी तो पाळला आणि दिवाळीपूर्वीच्या दोन घरगुती बैठका नाकारल्या.

दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात हुतात्मा स्मृती मंदिरात मी अहिर भैरव गायले. त्या रागात कोमल ऋषभावर सावकाश आंदोलन घ्यायचे, म्हणजे तो स्वर हळुवार झुलवायचा असतो, आणि ते आंदोलन व घाबरलेल्या गळ्याची थरथर यांतला फरक पहिल्या रांगेतल्या जाणकाराला लगेच कळतो. विलंबित एकतालातले दुसरे आवर्तन संपेपर्यंत माझा श्वास पुरेनासा झाला, समेच्या आधीच शब्द तुटले आणि ठेका पुढे निघून गेला. तबलजींनी सांभाळून घेतले. ख्याल आटोपता घेऊन मी उठले. सोलापुरात असे मंच वर्षातून मोजकेच मिळतात, आणि एकदा गाणे विसकटले की पुढच्या वर्षी आयोजक विचार करून बोलावतात. या सगळ्याचा दोष मी आपल्या कंपनीच्या माथी मारत नाही, कारण भीती माझी आधीपासूनची होती; परंतु गुरुजींनी घालून दिलेला सराव ऐन मोक्याच्या काळात बंद पडला तो आपल्या सल्ल्यामुळे, एवढे निश्चित.

आता आपल्या त्या वाक्याकडे येते. संमोहनाला सर्व माणसे सारखाच प्रतिसाद देत नाहीत, हे या शास्त्रात फार पूर्वीच मान्य झालेले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात आंद्रे वाइत्सनहोफर आणि अर्नेस्ट हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये ही ग्रहणक्षमता मोजण्याची श्रेणी तयार केली. थोडी माणसे फार सहज प्रतिसाद देतात, थोडी जवळजवळ देतच नाहीत आणि बहुतेक मधली असतात. हे माहीत असताना शंभर टक्के हमी देणे हेच मुळात असत्य आहे. माझी ग्रहणक्षमता आपण पैसे घेण्यापूर्वी तपासली नाही, नंतरही तपासली नाही, आणि गुण आला नाही तेव्हा मात्र माझ्या मनाने उपचार स्वीकारला नाही असा निर्वाळा दिला. माप न घेता सदरा शिवायचा आणि तो बसला नाही की गिऱ्हाइकाच्या अंगाला नावे ठेवायची, असा हा प्रकार आहे. शिवाय येथे तर सदराच दुसऱ्याचा होता.

भीती शून्य करण्याच्या आश्वासनाबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षापासून मानसशास्त्रात असे मानले जाते की काम चांगले होण्यासाठी थोडी उत्तेजना लागतेच. ती फार वाढली की काम बिघडते. मंचावर बसताना काळजात होणारी हलकी धडधड मोठमोठ्या कलावंतांनाही असते, आणि तीच गाण्यात जान आणते, असे आमचे गुरुजी सांगतात. ज्याला मंच ठाऊक आहे तो शून्याचे आश्वासन देणार नाही. मला हवे होते ते एवढेच की धडधड असूनही श्वास पोटापर्यंत जावा आणि स्वर ठरावा. प्रश्नावलीच्या शेवटच्या रकान्यात मी नेमके हेच लिहिले होते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी या दोन्हींविरुद्ध मला दाद मागता येते. सदोष सेवेची रक्कम पावतीवर नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत न करणे ही याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपल्या पावतीवर अशी कोणतीही मुदत नाही आणि ३० दिवस उलटून गेले आहेत. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणे बंधनकारक असताना मला ती पुढच्या आठवड्यात मिळाली. सर्व वाद आपल्या शहरातील न्यायालयातच चालतील, अशी अट आपण माझ्या निदर्शनास आणून दिली. परंतु ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची सोय या कायद्याच्या कलम ३४ मध्ये आहे. तेव्हा मला सोलापूर सोडून कोठेही जावे लागणार नाही.

माझी मागणी अशी आहे की, १४,९९९ रुपयांची संपूर्ण रक्कम हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या मूळ खात्यात जमा करावी. माझ्या नावावर ज्यांनी उपचार केल्याचे आपण दाखवता त्यांची शैक्षणिक पात्रता लेखी कळवावी, आणि ते स्वतःला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडील त्यांचा नोंदणी क्रमांकही द्यावा. जिचे मुद्रण मला पाठवले गेले त्या स्त्रीला ही गोष्ट आपण स्वतः कळवावी व तिची क्षमा मागावी. हे माझ्या रकमेइतकेच महत्त्वाचे आहे आणि रक्कम परत केली म्हणून ही मागणी मी सोडणार नाही. माझी प्रश्नावली कोणाकोणाला पाठवली गेली ते सांगून ती आपल्या नोंदींतून काढून टाकावी व तसे लेखी द्यावे. शंभर टक्के हमीची जाहिरात मागे घ्यावी, आणि मदत क्रमांकावरील कर्मचाऱ्यांनी औषधांबद्दल एक शब्दही बोलू नये अशी सूचना देऊन तिची प्रत मला पाठवावी.

या मुदतीत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ई-जागृती संकेतस्थळावरून सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. रक्कम पाच लाखांच्या आतली असल्याने त्यासाठी शुल्कही लागत नाही. ते दुसऱ्या स्त्रीचे मुद्रण मी पुरावा म्हणून आयोगाकडे बंद पाकिटातच देईन आणि तिचे नाव उघड होऊ नये अशी विनंती करीन.

कृपया यापुढील सर्व पत्रव्यवहार लेखी करावा. दूरध्वनीवरून बोलण्याची माझी तयारी नाही.

आपली,
(स्वाक्षरी)
जुळे सोलापूर, सोलापूर

सोबत : पैसे भरल्याची पावती, जाहिरातीची व उलट्या घड्याळाची छायाचित्रे, प्रश्नावलीची प्रत, ई-मेल पत्रव्यवहार, डॉक्टरांच्या चिठ्ठीची छायाप्रत.