काळ्या पट्ट्या म्हणजे टीव्हीचा दोष नव्हे

संपादक महोदय, नमस्कार.

नवीन मोठा टीव्ही घरी आला, पहिला सिनेमा लावला की घरोघरी एकच तक्रार, वर-खाली काळ्या पट्ट्या येतायत, एवढे पैसे घालून स्क्रीन भरतच नाही. मग कुणीतरी रिमोट घेतो, झूम दाबतो आणि सगळे खूश. मला हे बघून खरंच वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

टीव्हीमध्ये काही बिघाड नसतो हो, सिनेमाच तेवढा रुंद असतो. टीव्हीची स्क्रीन १६:९, म्हणजे उंचीच्या १.७८ पट रुंद. १९५३ साली सिनेमास्कोप आलं तेव्हापासून थिएटरचे पडदे रुंद झाले आणि आजही कितीतरी सिनेमे २.३९ पट रुंद काढतात. तो अख्खा सिनेमा टीव्हीवर बसवायचा तर उंचीतला साधारण पाव भाग रिकामा राहणारच, निम्मा वर, निम्मा खाली. झूम केलं की पट्ट्या जातात पण त्याबरोबर दोन्ही बाजू मिळून पाव सिनेमाही जातो, हे कोणी सांगतच नाही.

मध्ये एका काकूंकडे गेलो होतो. टीव्ही बसवायला आलेल्या मुलानेच जाताना झूम लावून ठेवलेलं. सिनेमात दोघं लांब टेबलाच्या दोन टोकांना बसून भांडतायत आणि आम्हाला दिसतंय काय तर मधला रिकामा टेबल, डावीकडे एक नाक, उजवीकडे एक कोपर. सबटायटलची खालची ओळ पण अर्धी कापलेली. मी सेटिंग बदललं तर काकू एकदम म्हणाल्या, अरे, ही खिडकीपाशी कोण उभी आहे? तो सिनेमा त्यांनी आधी दोनदा बघितला होता.

जुन्या ४:३ सिनेमांचं उलटं, तिथे पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतात आणि त्या येऊ द्याव्यात. स्ट्रेच केलं की माणसं एक तृतीयांशाने जाड होतात. शंका आली तर सिनेमातलं चाक किंवा भिंतीवरचं घड्याळ बघा, गोल दिसायला हवं, अंड्यासारखं दिसलं तर सेटिंग चुकलंय.

करायचं फार काही नाही. टीव्हीच्या मेनूत पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशो असतं तिथे १६:९ नाहीतर ओरिजिनल ठेवा, झूम आणि स्ट्रेच नको. ओव्हरस्कॅन बंद करा, त्याने चारही कडा थोड्या थोड्या कापल्या जातात (काही टीव्हींवर त्यासाठी जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट चालू करावं लागतं). आणि सेटटॉप बॉक्स नि डीव्हीडी प्लेअर विसरू नका, त्यांचं सेटिंग वेगळं असतं. तिथे टीव्ही टाइप ४:३ राहिला असेल तर रुंद सिनेमाला चारही बाजूंनी काळी चौकट येते किंवा चित्र ताणलं जातं, मग टीव्हीच्या मेनूत कितीही खटपट करा, आधी बॉक्सच सुधारायला लागतो.

टीव्ही कुठला घ्यावा यावर पेपरात इंच आणि फोरके याबद्दल भरपूर येतं, आपण त्यात या सेटिंगचे चार शब्द घालाल का? आणि टीव्ही बसवून देणाऱ्यांना एवढीच विनंती, निघताना झूम काढून जा.

आपला,
एक वाचक