स्टिल्ट पार्किंगमधील मॉरिस मायनर हलवण्याच्या नोटिशीला उत्तर

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य यांस,

विषय: सी विंगखालील माझ्या पार्किंगमध्ये जुन्या गाडीचे काम पुरे करण्यास दसऱ्यापर्यंत मुदत मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

समितीची नोटीस मिळाली. माझी ‘बंद व भंगार’ गाडी पंधरा दिवसांत हलवावी, नाहीतर सोसायटी टो-व्हॅन बोलावून ती उचलून नेईल, असे त्यात लिहिले आहे. पेट्रोलचा वास, फरशीवरचे तेल, रविवारचा आवाज आणि चाके काढलेली गाडी मुलांच्या अंगावर येण्याची भीती, अशा चार तक्रारी दिल्या आहेत. तक्रारी करणाऱ्यांवर माझा राग नाही. खाली लहान मुले खेळतात, तेव्हा काळजी वाटणारच. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे. गाडी भंगार आहे, हे मात्र मला मान्य नाही.

ही 1957 सालची मॉरिस मायनर 1000. बाबांनी ती कॅम्पातल्या एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली आणि पुढे कित्येक वर्षे आम्ही तिच्यातूनच पाचगणीला, कोकणात जात आलो. मूळ मायनर 1948 साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आले. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ती बेतली. पुढे 1959 साली आलेली मिनीही त्यांचीच. गाडी जवळजवळ तयार झाल्यावर ती अरुंद वाटते म्हणून त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध कापायला लावली आणि चार इंचांनी रुंद केली. बॉनेटच्या मध्यावरून पुढून मागे गेलेली सपाट पट्टी ही त्याचीच खूण. कव्हर काढलेले असेल तेव्हा जाता-येता जरूर बघा, हात फिरवला तरी कळते. आपल्या सगळ्यांच्या ओळखीची अ‍ॅम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डचीच भारतीय आवृत्ती, म्हणजे ही तिची धाकटी बहीण. मायनर 16 लाखांच्या आसपास बनल्या, आणि त्यातल्या इतक्या अजून चालतात की इंग्लंडमध्ये तिचे बहुतेक सुटे भाग आजही नवे बनवून विकले जातात. जिचा ब्रेकचा रबरी वायसर सत्तर वर्षांनंतरही नवा कोरा मिळतो, ती गाडी भंगारात काढणे मला पटत नाही.

ती बंद का पडली, हे सांगितले तर ती पुन्हा चालू होणार यावर समितीचा विश्वास बसेल. सकाळी एका हाकेत सुरू व्हायची, पण वीसेक मिनिटे चालली, इंजिन तापले, की खोकल्यासारखे करून बंद. तासाभराने गार झाली की पुन्हा ठणठणीत. ज्याला त्याला दाखवले, त्याने ‘एअर लॉक होतोय’ असेच निदान केले. म्हणजे उन्हाने पेट्रोलची नळी तापते, आत पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये हे अशक्य नाही. म्हणून नळीवर ओले फडके गुंडाळून पाहिले, काही फरक नाही. मग गाडी बंद पडल्याबरोबर कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून बाटलीत धरली आणि चावी फिरवली. या गाडीला विजेवर चालणारा एस.यू. कंपनीचा पेट्रोल पंप आहे, तो टकटक करत पेट्रोल ढकलतो आणि कार्बोरेटरची वाटी भरली की गप्प होतो. बाटलीत पेट्रोल जोरात, न अडखळता येत होते. म्हणजे खोट पेट्रोलमध्ये नव्हती.

राहिला करंट. प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि हँडल मारायला लावले. गार असताना ठिणगी निळी, जाडजूड आणि ‘चट्’ असा आवाज करणारी. तापल्यावर तीच पिवळी, केसासारखी बारीक. प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडले तर पॉइंटच्या, म्हणजे उघड-मिट करून प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या टोकांपैकी, एकाला खड्डा आणि दुसऱ्याला टेंगूळ आलेले. हे कंडेन्सरचे काम. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये आणि ठिणगीचा करंट बनवणाऱ्या कॉइलमधला प्रवाह एकदम तुटावा, म्हणून ही करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची डबी बसवलेली असते. ती आतून फुटली असली तर गारपणी कशीबशी काम करते आणि उष्णतेने दगा देते. नवा कंडेन्सर घातला, पॉइंट बदलून फिलर गेजने त्यांची फट 15 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.38 मिलिमीटर ठेवली. त्यानंतर ती मागच्या मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एका लयीत चालली. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी ‘इंजिन खोलावे लागेल’ असे मला सांगितले गेले होते. जुन्या गाड्या बहुतेक अशाच मोडीत जातात, नीट निदान कोणी करत नाही म्हणून.

मग ती अजून उभी का? ब्रेकसाठी. हा मुद्दा समितीने नीट वाचावा अशी विनंती आहे, कारण गाडी ‘नुसती ढकलून बाहेर काढा’ असे मागच्या सभेत सुचवले गेले होते.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, पुढच्या प्रत्येक चाकात दोन आणि मागच्या प्रत्येक चाकात एक असे ब्रेकचे सहा सिलिंडर. सगळ्यांना ब्रेक ऑइल एकाच वाटेने जाते. आजच्या गाड्यांना दोन स्वतंत्र वाटा असतात, एक फुटली तरी दुसरी धरते. हिच्यात एक वायसर गळला की पायाखाली पेडल थेट जमिनीला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे पावसाळे उभ्याने काढलेल्या गाडीचे सिलिंडर आतून गंजतात. माझ्या गाडीत चार सिलिंडर जाम निघाले. पेडल दाबल्यावर या सगळ्यांकडे ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तर चालकाच्या पायाखाली, चॅसिसच्या पोटात दडवलेला आहे. पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचे काम करणारी पोलादी दांडी, बाजूला घेतल्याशिवाय त्याचे बोल्टच बाहेर येत नाहीत, आणि त्या बारमध्ये गाडीच्या वजनाचा ताण असतो. हे काम घाईने करायचे नाही. नवा मास्टर सिलिंडर आणि वायसरांचा संच इंग्लंडहून निघाला आहे, कस्टममधून सुटला की येईल. तोवर ही पाऊण टनाची गाडी ब्रेकशिवाय आपल्या उतारावरून ढकलली, तर गेटजवळ तिला कोण थांबवणार? टो-व्हॅनवाल्यालाही हीच अडचण येईल.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल सांगते. गाडी विटांवर ठेवलेली नाही. वीट एकदम फुटते, म्हणून तिच्यावर गाडी कधीच ठेवू नये. ती लोखंडी स्टँडवर आहे आणि खाली असलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावलेले आहेत. तरीही मुले आत शिरू शकतात हे खरे. म्हणून पार्किंगच्या चौकटीला माझ्या खर्चाने साखळी व फलक लावण्याची परवानगी द्यावी.

पेट्रोलचा वास येत होता, ही तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. जुन्या रबरी नळ्यांना आजचे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सोसत नाही. त्या मऊ पडतात, मग चिरतात. टाकीपासून पंपाकडे येणाऱ्या वाटेवरची नळी तशीच पाझरत होती. टाकी पूर्ण रिकामी केली आहे, पेट्रोल इमारतीतून बाहेर नेले आहे आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आहेत. पुढे चाचणीपुरते लिटरभर पेट्रोल आणीन आणि उरलेले त्याच दिवशी बाहेर नेईन. इंजिन स्टिल्टखाली सुरू करणार नाही. त्याचा धूर विषारी असतो आणि छताखाली साठतो. ब्रेक झाल्यावर गाडी मोकळ्या ड्राइव्हवेवर आणूनच सुरू करीन. अग्निशामक सिलिंडर शेजारी ठेवला आहे, त्याची मुदतही तपासली आहे.

तेलाच्या डागांचे कारण वेगळे आहे. या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नाही. शाफ्टवर कोरलेले आटे फिरताना तेल मागे परतवतात, बस. इंजिन थांबले की थेंब-दोन थेंब गळणारच, ही रचनाच तशी आहे. खाली पत्र्याचा ट्रे आणि त्यात लाकडाचा भुसा ठेवला आहे. आधीचे डाग पडलेले पेव्हर ब्लॉक मी स्वखर्चाने बदलून देते.

आवाजाचे म्हणाल तर हातोडी-छिन्नीचे काम संपले आहे. यापुढे शनिवार-रविवारी सकाळी दहा ते एक एवढेच काम करीन. दुपारी नाही, रात्री तर नाहीच. परीक्षांच्या दिवसांत कोणी सांगितले तर तेवढे रविवार बंद ठेवीन.

एक गोष्ट तक्रारीत नव्हती, पण मीच सांगते. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे. गॅरेजात ड्रम उघडून हवेने फुंकर मारतात, ती धूळ फुप्फुसात जाते आणि तिचे दुखणे कित्येक वर्षांनी उमटते. मी एकदाही फुंकर मारलेली नाही. सगळे ओल्या फडक्याने पुसले, फडकी आणि जुने लायनर दुहेरी पिशवीत बंद केले आहेत. ते सोसायटीच्या कचऱ्यात टाकणार नाही. वेल्डिंग आणि रंगकामही इथे होणार नाही. तळाचा पत्रा दोन ठिकाणी गंजला आहे, तो कापून नवा जोडावा लागेल आणि ते नाना पेठेजवळच्या गॅरेजातच होईल. शेजारीच विजेच्या गाड्यांचे चार्जिंग पॉइंट आहेत, तिथे ठिणग्या उडवणे कोणालाच परवडणारे नाही.

वॉचमनकाकांना आणि समितीला एक कळकळीची विनंती. माझ्या गाडीला दुसऱ्या गाडीवरून बॅटरीची वायर लावून ती सुरू करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. आपल्या सगळ्यांच्या गाड्यांत बॅटरीचे वजा टोक बॉडीला जोडलेले असते. या गाडीत उलटे आहे, अधिक टोक बॉडीला. सवयीने वायरी लावल्या आणि दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकले, तर थेट शॉर्ट होईल. एकदा मदतीच्या चांगल्या हेतूने कोणीतरी तसे करायला निघाले होते, मी वेळेवर खाली आले म्हणून निभावले. बॉनेटवर लाल अक्षरांत सूचना चिकटवली आहे, ती कोणी काढू नये.

कायद्याचे थोडक्यात. केंद्र सरकारने 2021 साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ असा वेगळा दर्जा दिला. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. काम झाले की मी या नोंदणीसाठी अर्ज करणार आहे. ती महिनोन् महिने एका जागी दिसली तरी तेवढ्यावरून ती टाकून दिलेली ठरत नाही. आरसी आणि विम्याची प्रत सोबत जोडली आहे. पार्किंग माझ्या नावे आहे आणि त्याचे शुल्क कधीही थकलेले नाही.

तेव्हा माझे मागणे एवढेच: नोटीस तूर्त स्थगित करावी, वर लिहिलेल्या अटी लेखी घालाव्यात आणि दसऱ्यापर्यंत मुदत द्यावी. तोवर गाडी स्वतःच्या चार चाकांवर, स्वतःच्या ब्रेकवर उभी नसेल, तर मी ती माझ्या खर्चाने गॅरेजात हलवीन. सोसायटीला एक रुपयाही पडणार नाही. तसे हमीपत्र द्यायला तयार आहे.

ठराव करण्याआधी समितीतल्या दोघा-तिघांनी येत्या रविवारी अकराच्या सुमाराला खाली येऊन गाडी पाहावी. ट्रे, नळ्या, स्टँड, सगळे उघडे करून दाखवते. दारांच्या मधल्या खांबातून बाहेर येणारा वळण दाखवायचा छोटा हात, तिचा ‘ट्रॅफिकेटर’, परवाच पुन्हा चालू झाला आहे, तोही दाखवीन. ए विंगमधली दोन मुले त्यासाठी रोज विचारतात, त्यांनाही त्या वेळी येऊ द्यावे. साखळीच्या बाहेर उभे राहून पाहतील.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
(सही)
सभासद, सी विंग