हरळी काढायचं लायसन

ती. आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तू आता नक्की करतोस काय, ते एकदा नीट लिहून पाठव." लिहायला बसलो आहे. इथे पहाटेचे साडेचार वाजलेत. उन्हाळ्यात आमचा दिवस पाचला सुरू होतो, त्यामुळे आज सुट्टी असूनही जाग आली.

पहिली गोष्ट, लायसन आलं. भिंतीवर लावायचं सर्टिफिकेट आणि खिशात ठेवायचं कार्ड, दोन्ही. कॅलिफोर्नियात याला सी-२७ म्हणतात, म्हणजे लँडस्केपिंगचा ठेकेदार. बाग आखणं, माती सारखी करणं, पाइप टाकणं, दगडी काम, झाडं लावणं. आपल्याकडे वायरमनला लायसन लागतं, तसं इथे बागेच्या ठेक्यालाही लागतं. माझा नंबर पिकअपच्या दारावर रंगवून घेतलाय. फोटो सोबत आहे. दार थोडं चेपलेलं दिसतंय, त्याबद्दल आई विचारेलच. ते गाडी घेतली तेव्हापासून तसंच आहे.

२०२० मध्ये कंपनीतून कमी केलं, तेव्हा तुम्हाला "दुसरी नोकरी लागली" एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं. ती नोकरी म्हणजे पाम डेझर्ट गावातल्या एका ठेकेदाराकडे फावडं धरणं. ग्रीन कार्ड हातात होतं, सूनबाईंची हॉस्पिटलची नोकरी जवळच्या इंडिओ गावात होती, म्हणून इथेच राहायचं ठरलं. आणि मला खरंच पुन्हा स्क्रीनसमोर बसायचं नव्हतं.

पहिल्याच दिवशी काय काम मिळालं असेल? एका बंगल्यापुढचं लॉन काढायचं. मुकादम म्हणाला, बर्मुडा ग्रास आहे, चिवट असतं. मी कुदळ मारली, एक ढेकूळ वर काढलं, आणि बाबा, ती हरळी होती. आपली हरळी! त्याच पांढऱ्या गाठीगाठीच्या काशा, तोच वास. केळीची बाग मोडल्यावर नांगरटीमागून तुम्ही आम्हा भावंडांना काशा वेचायला लावायचात, एक तुकडा राहिला तर कान पिरगाळायचात. मी सवयीने खाली बसून काशा वेचायला लागलो. बाकीचे उभे राहून बघत होते. त्यांना वाटलं, याचं काहीतरी हरवलंय.

लोक इथे पैसे मोजून हरळी लावतात. ऑक्टोबरात ती खरडून तिच्यावर रायगवताचं बी टाकतात, म्हणजे हिवाळ्यातही अंगण हिरवं दिसावं. वर्षाला जेमतेम पाच इंच पाऊस असलेल्या वाळवंटात. आता उलटं वारं आहे. इथलं पाणी पुरवणारी सरकारी संस्था लॉन काढायला अनुदान देते, पण अर्ज मंजूर व्हायच्या आधी गवताला हात लावला तर एक पैसा मिळत नाही. माझं निम्मं काम त्यावरच चालेल असं दिसतंय. आई, तू गणपतीला दूर्वांच्या जुड्या मोजून घेतेस आणि तुझा मुलगा त्याच दूर्वा उपटून पोट भरतो. गणपतीची माफी तूच मागून ठेव.

त्यांच्या जागी काय लावतो? पालो व्हर्डे, ज्याची साल हिरवी असते. अगेव्ह, आपल्या घायपातीच्या जातीचं. बोगनवेल. आणि मेस्किट, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. तुम्ही बांधावरची वेडी बाभूळ जाळायला निघालात की मी तुम्हाला या पत्राची आठवण करून देणार आहे. इथे मेस्किट लाकडी खोक्यात वाढवून विकतात आणि किंमत ऐकून तुम्ही खाटेवरून उठाल.

आता लायसनचं. चार वर्षांचा अनुभव लागतो, तोही गेल्या दहा वर्षांतला, आणि पूर्ण कारागिराचा. नुसतं चर खणण्याचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून माझा पहिला काळ वाया गेला. अनुभव खरा आहे, असं जाणत्या माणसाने शपथेवर लिहून द्यावं लागतं. माझ्या मालकाने दिलं. एक वेळ मनात आलं होतं की बाबांच्या बागेतली वर्षंही लिहावीत, पण केळीची बाग ही लँडस्केपिंग नव्हे, आणि खोटं लिहिण्याची हिंमत झाली नाही. मग बोटांचे ठसे, आणि दोन पेपर. एक धंद्याच्या कायद्याचा, एक कामाचा. कामाच्या पेपरात ढाळ, पाइपातला दाब, माती, आराखडा वाचणं. तो सोपा गेला. कायद्याच्या पेपराने घाम फोडला. पगारपत्रक आणि विम्याचे नियम मी जेवतानाही पाठ करत होतो.

शिवाय २५,००० डॉलरचा बाँड. घाबरू नका, तेवढे पैसे मी कुठे भरलेले नाहीत. वर्षाला हप्ता भरतो. मी कुणाला बुडवलं तर त्या गिऱ्हाइकाला त्यातून भरपाई मिळते आणि नंतर बाँड देणारी कंपनी ते माझ्याकडून वसूल करते.

बाबा, तुम्ही विचारलंत, एवढं करण्यापेक्षा शब्दावर काम का नाही घेत? घेता येतं, पण हजार डॉलरच्या आतलं, आणि हाताखाली माणूस न ठेवता. त्यावरचं काम लायसनशिवाय केलं, तर कितीही चांगलं करा, गिऱ्हाईक पैसे देईना म्हणून कोर्टात जायची सोय नाही. उलट त्याने दिलेले सगळे पैसे तो परत मागू शकतो. दोन वर्षांपूर्वी एका बाईंनी मला गुपचूप अंगण करून दे म्हटलं होतं, रोख देते म्हणाल्या. मोह झाला होता. सूनबाईंनी डोळे वटारले, मिटला.

उचलही बेताचीच घेता येते. एकूण रकमेच्या १० टक्के किंवा हजार डॉलर, यातलं जे कमी असेल ते. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांकडून कुणीतरी निम्मे पैसे आधी घेतले, अंगण उकरलं आणि नाहीसा झाला. अजून तिथे खड्डा आहे. मी त्यांना पहिलं सांगितलं की नंबर विचारायचा आणि सरकारी यादीत तपासायचा, मग माझाच का असेना. ६५ च्या पुढच्या माणसाला करार मोडायला पाच दिवस मिळतात, बाकीच्यांना तीन.

एक चूकही सांगतो, कारण ती तुम्हाला कधी बोललो नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळ आलं. इथल्या जवळच्या पाम स्प्रिंग्ज गावात एका दिवसात तीन इंचांहून जास्त पाऊस. वर्षाचा निम्म्याहून अधिक! त्याच्या आधीच एक अंगण माझ्या देखरेखीखाली झालं होतं. बारीक खडी दाबून बसवलेली, दिसायला सुंदर. पण ढाळ मी बोटभर घराकडे ठेवला होता. कोरड्या गावात कोण बघतंय, असा माझा हिशेब. रात्री चिखल सरळ गॅरेजात. दोन दिवस मी तो फावड्याने काढला, गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून बसलं होतं, एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता लेव्हल लावल्याशिवाय मी खडीचा ट्रक रिकामा करू देत नाही.

आई, उन्हाचं. ५ जुलै २०२४ ला पाम स्प्रिंग्जमध्ये पारा ५१ अंशांवर गेला होता. जळगावच्या मे महिन्याने मला थोडं तयार केलंय, पण हे वेगळं. इथे कायदाच आहे. पारा २७ अंशांच्या वर गेला की सावलीची सोय हवी, माणशी तासाला जवळपास एक लिटर पाणी हवं. दुपारी बाराच्या आत आम्ही घरी असतो. आणि ताडाच्या झाडांवर मी चढत नाही. उंच झाडं छाटायचं लायसन निराळं आहे, ते मला नकोच.

एक मागणं आहे, रागावू नका. मामांना तुम्ही अजून "तो कॉम्प्युटरमध्ये आहे" सांगता. आता सांगू नका. ठेकेदार आहे म्हणा, बागेचा. त्यांनी "म्हणजे माळी?" म्हटलं तर हो म्हणा.

आणि बाबा, एक काम. थर्मल गावाजवळच्या एका बंगल्याला कालव्याचं पाणी आहे, कोलोरॅडो नदीचं. क्षार भयंकर. ठिबकच्या नळ्यांत पांढरा थर बसलाय, निम्मे ड्रिपर बंद. मालक म्हणतो सगळं बदला. मला आठवतं, तुम्ही लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या नळ्यांत, ॲसिड सोडून रात्रभर ठेवायचात आणि सकाळी टोकं उघडून धुवायचात. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, तेवढं पाठ आहे. पण प्रमाण किती घ्यायचात? तुमच्या त्या लाल वहीत असेल, विहिरीच्या हिशेबाच्या मागच्या पानांवर. गुरुवारच्या आत कळवा, तोवर मी त्याला थांबवून धरलंय.

तुमचा,
बाळू